लहान मुलं, आजी-आजोबा आणि स्वित्झर्लंड : युंगफ्राउला न्यावं की नाही?

सायली_ब
नमस्कार मंडळी. जुने धागे बरेच चाळले पण त्यात बहुतेक हनिमूनवाले नाहीतर पाठीवर सॅक टाकून एकटे फिरणारे, म्हणून नवीन काढतेय. अ‍ॅडमिन, प्लीज उडवू नका.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्वित्झर्लंडला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, लेक नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा आणि सासू-सासरे. सासरे सत्तरी ओलांडलेले पण ठणठणीत, सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो. टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपणच. नवऱ्याने एक्सेल शीट केलंय, त्यात आठवड्याभरात झ्युरिक, ऱ्हाइन फॉल्स, लुत्सर्न, टिटलिस, युंगफ्राउ, शिल्टहॉर्न, बर्न आणि जमलं तर जिनिव्हा. रंग पण दिलेत, हिरवा म्हणजे मस्ट. सगळंच हिरवं आहे.

माझं म्हणणं असं की मुलं बरोबर असली की दिवसाला एकच गोष्ट. बर्फ एकदा बघितला की झालं, त्यासाठी तीन तीन डोंगर कशाला? आणि खरं सांगायचं तर युंगफ्राउसुद्धा गाळावं असं माझं मत आहे. एवढे पैसे भरून वर जायचं आणि चिरंजीव म्हणणार "आई शू". नवरा म्हणतो स्वित्झर्लंडला जाऊन युंगफ्राउ केलं नाही तर लोक काय म्हणतील. (लोक म्हणजे त्याच्या ऑफिसचा ग्रुप.)

ज्यांनी पोरंटोरं आणि ज्येष्ठ मंडळी दोन्ही घेऊन हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा. खाण्यापिण्याचं काय केलंत तेही सांगा, आमच्याकडे दोन वेळा भात लागतो.

उंडगा
शीट डिलीट करा. पुढचा प्रश्न?

दगडफूल
@उंडगा, हाहा.

सायली, आम्ही केलंय, मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि माझे आईबाबा बरोबर होते. राहिलो विल्डर्सविलला, इंटरलाकेनच्या शेजारचं गाव, तिथून सगळ्या गाड्या सोप्या पडतात. युंगफ्राउ केलं. खोटं कशाला बोलू, वर पोचल्यावर जे दिसतं ते भारीच आहे, समोर आलेच ग्लेशियर पसरलेली, ढग नसतील तर माणूस गप्प होतो. पण हेही लक्षात घे की इंटरलाकेन साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर आहे आणि वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर. ग्रिंडेलवाल्डहून ती नवी केबिन, आयगर एक्सप्रेस, २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेली, ती तर पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला नेऊन सोडते आणि पुढे बोगद्यातून गाडी. म्हणजे सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस जेवायच्या आधी तेवढ्या उंचीवर. आईला वर गेल्यावर डोकं जड झालं, ती बाकावर बसून राहिली, खाली आल्यावर बरी झाली. मुलीचे कान दुखले. ती आइस पॅलेसमध्ये मात्र खूश, बर्फाच्या भुयारात घसरायला मिळालं ना.

तिकीट सीझनमध्ये मोठ्या माणसाचं जाऊन-येऊन दोनशे फ्रँकच्या वर जातं. स्विस ट्रॅव्हल पास (देशभरातल्या गाड्या-बोटींचा एकत्र पास) असेल तर २५ टक्के सूट, फुकट नाही. हे बऱ्याच जणांना तिथे खिडकीवर कळतं. मी म्हणेन आदल्या रात्री तिकीट काढू नकोस, सकाळी त्यांचा लाइव्ह वेबकॅम बघायचा, स्वच्छ असेल तरच निघायचं. ढगात गेलात तर दोनशे फ्रँक देऊन पांढरी भिंत बघाल.

नाशिकची_द्राक्षं
वर हिंदी सिनेमाच्या नावाने चालणारं भारतीय हॉटेल आहे ना? तिथे भात मिळतो की. ३४५४ मीटरवर भात-डाळ, अजून काय पाहिजे.

दगडफूल
आहे, रेस्टॉरंट बॉलिवूड. सीझनमध्येच चालू असतं, आणि आपल्याकडचे सगळे ग्रुप तिथेच, त्यामुळे रांग. बिल बघून भात घशाखाली उतरत नाही ही वेगळी गोष्ट.

झुरिकवासी
इथे बरीच वर्षं राहतोय आणि दर मेमध्ये कोणी ना कोणी नातेवाईक येतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा (आणि सोफा-बेडचा) आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही मे म्हणताय. आपल्याकडे शाळेला सुट्टी म्हणून मे, पण इथे मे म्हणजे मधलाच महिना. स्कीइंग संपलेलं असतं आणि उन्हाळी हंगाम नीट सुरू झालेला नसतो, या काळात बऱ्याच रोपवे आणि केबिन वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. शिनिगे प्लाटेची गाडी साधारण जूनमध्ये चालू होते. मेनलिशेनला वर गायीच्या आकाराचं मस्त लाकडी खेळण्याचं मैदान आहे, मुलं तिथून हलत नाहीत, पण तेही मेच्या सुरुवातीला गेलात तर बहुतेक मिळणार नाही. म्हणून शीटमधली प्रत्येक ओळ त्या त्या साइटवर जाऊन तारखेनिशी तपासा. युंगफ्राउ आणि रिगी वर्षभर चालू असतात. दिवाळीच्या सुट्टीतही हाच घोळ, तेव्हा परत दुरुस्त्या.

दुसरं, मुलांचं तिकीट. सहा वर्षांच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट. सहा ते सोळाच्या आतली मुलं स्विस फॅमिली कार्डावर फुकट, कार्डालाही पैसे पडत नाहीत, फक्त पास काढताना आठवणीने मागायचं. एक मेख आहे: ते कार्ड आई किंवा वडील बरोबर असतील तरच चालतं. नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आजोबा एकटे कुठे निघाले तर तिचं वेगळं तिकीट.

तिसरं, आमच्या बऱ्याच दुमजली इंटरसिटी गाड्यांना एक फॅमिली डबा असतो, त्यात वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी. डब्यावर चित्र असतं. तुमचा चार वर्षांचा मुलगा पुढे आयुष्यभर स्वित्झर्लंड म्हणजे घसरगुंडीवाली ट्रेन एवढंच सांगेल, तयारी ठेवा.

रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली कोप आणि मिग्रो उघडी असतात. दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

खारीबिस्कीट
घसरगुंडीवरून आठवलं. आम्ही पॅरिसला गेलो होतो, मुलगा तेव्हा साडेतीनचा. आयफेल टॉवरच्या खाली त्याला एक कबूतर सापडलं ज्याचा एक पाय वाकडा होता. तो अख्खा वेळ त्या कबुतरामागे. परत आल्यावर शाळेत टीचरने विचारलं पॅरिसमध्ये काय पाहिलं तर म्हणाला "लंगडं कबूतर". टीचरने मला फोन करून विचारलं तुम्ही नक्की गेला होतात ना.

कट्ट्यावरचा
हेच मी म्हणतोय. एवढ्या लहान मुलांना परदेशात नेण्यात काय अर्थ आहे? लक्षात काही राहत नाही. त्यापेक्षा दापोलीला जा, आंबे खा, समुद्रात डुंबा, मुलं खूश, आजी-आजोबा खूश, दहावा हिस्सा पैसे. परदेश मुलं दहा-बारा वर्षांची झाली की करा. हल्ली हे सगळं स्टेटससाठी चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नका.

खारीबिस्कीट
@कट्ट्यावरचा, लक्षात राहायलाच हवं असं कुणी ठरवलं? लहानपणी आईने भरवलेला वरणभात पण कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून काय भरवायचा नाही?

आणि दापोलीला आम्ही पण जातो हो. दोन्ही करता येतं. आजी-आजोबांची पासष्टी-सत्तरी मुलं बारा वर्षांची होईपर्यंत थांबत नाही हा हिशेब तुम्ही धरलाच नाही.

कट्ट्यावरचा
आजी-आजोबांचा मुद्दा मान्य. बाकी मुद्दा कायम.

नाशिकची_द्राक्षं
सायलीताई, मी जरा वेगळं बोलतो. स्वतः करायचा हट्ट का? आम्ही आईबाबांना आणि दोन्ही मुलांना घेऊन ग्रुप टूरने गेलो. टूर मॅनेजर मराठी, बरोबर महाराज, रात्री हॉटेलवर गरम वरणभात, बटाट्याची भाजी, एके दिवशी चक्क पुरणपोळी. आईला तिच्या वयाच्या चार बायका मिळाल्या, त्यांची भिशी अजून चालू आहे. सामान बसच्या पोटात. तुम्ही ट्रेनने जाणार म्हणजे सहा माणसांच्या बॅगा, एक चार वर्षांचा मुलगा आणि एक गुडघा, हे घेऊन दोन-तीन मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलणार?

उंडगा
आणि सकाळी सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस, "चला चला पंधरा मिनिटं फोटो, टॉयलेट एक युरो, उशीर करणाऱ्याने गाणं म्हणायचं". आमच्याही घरी हे करून झालंय. धाकटी बसमध्ये रोज उलट्या करायची आणि मागच्या सीटवरच्या काका-काकू रोज नवीन घरगुती उपाय सांगायचे. मुलांना घेऊन बसचा तो वेग झेपत नाही. मोठ्यांसाठी टूर बेस्ट, हे मान्य.

नाशिकची_द्राक्षं
उलट्या ट्रेनमध्ये होत नाहीत का?

उंडगा
ट्रेनमध्ये उठून चालता येतं आणि काका-काकू बदलता येतात.

झुरिकवासी
बॅगांचं सांगतो. स्टेशनवरून सामान पुढच्या स्टेशनवर पाठवायची सोय आहे, प्रत्येक बॅगेला पैसे पडतात पण सहा माणसं असतील तर दोन मोठ्या बॅगा पाठवून द्या आणि हातात हलकं ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मुक्काम बदलूच नका. एकच जागा, लुत्सर्न किंवा इंटरलाकेन, आणि रोज जाऊन येऊन. देश एवढासा आहे, दोन तासांत बहुतेक सगळीकडे पोचता.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर बारा वर्षांपर्यंत किंवा दीडशे सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, तुमच्या दोघांनाही लागेल. हायवेसाठी ४० फ्रँकचं स्टिकर वेगळं, भाड्याच्या गाडीला बहुतेक लावलेलं असतं.

मीच_ती_आजी
मी या धाग्यावर उशिरा आले पण मला बोलायचंय. सगळे सायलीला सांगताहेत सासूबाईंना कसं न्यावं, कुठे बसवावं, काय भरवावं. सासूबाईंना कुणी विचारलं का त्यांना काय बघायचंय?

मी लेक-जावयाबरोबर लंडनला गेले होते. फार हौसेने नेलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण संध्याकाळी ती दोघं नाटकाला, आणि मी हॉटेलच्या खोलीत नातवाला भात भरवत कार्टून बघतेय. दुसऱ्या दिवशी म्युझियम, तिथे तो झोपला, मग मी बाबागाडीपाशी बाकावर. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की आज मी एकटी जाणार. बसने गेले, लाल डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसले, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. एक कॉफी प्यायले. लेकीला वाटलं हरवले. मला त्या ट्रिपमधलं तेवढंच सगळ्यात आवडलं.

तर सायली, आजी ही फुकटची आया नव्हे. एक अख्खी दुपार त्यांना मोकळी दे. ब्रिएंझच्या तळ्यातल्या बोटीत बसवून दे, चढ नाही, उतार नाही, गुडघ्याला त्रास नाही, आणि पासात बोट येते म्हणतात.

सायली_ब
@मीच_ती_आजी, हे वाचून सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या "मला तिथली मोठी भाजी मंडई बघायचीय". आता हे शीटमध्ये कुठल्या रंगात टाकू?

झुरिकवासी
बर्नला मंगळवारी आणि शनिवारी सकाळी जुन्या गावात बाजार भरतो, पार्लमेंटच्या समोरच. त्यांना पालक, कोबी, मुळे, फुलं, चीज सगळं बघायला मिळेल. पोरांना तोवर अस्वलं दाखवा, नदीकाठी बेअर पार्क आहे, फुकट. अस्वल हे बर्नचं चिन्हच आहे. हिरव्या रंगात टाका.

नि_खाद्यभ्रमंती
खाण्याचं राहिलंच की. आम्ही कायम स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतो. दोन लिटरचा छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, तिखट-मीठ-हळद-गोडा मसाला छोट्या डब्यांत, पोहे, उपमा भाजून नेलेला रवा, गूळपोळी, आणि मुलांसाठी दाण्याचे लाडू. तांदूळ-डाळ तिथे मिळते, झ्युरिक-लुत्सर्नला भारतीय दुकानं आहेत आणि साधा तांदूळ तर प्रत्येक सुपरमार्केटमध्ये. दही उत्तम मिळतं. दहीभात झाला की भारतीय कुटुंबाचा अर्धा प्रश्न मिटला.

आता काय नेऊ नये. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल जास्त म्हणून ते पेट घेऊ शकतं असं धरतात, त्यामुळे खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नका. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, स्वित्झर्लंडमध्येही तेच, सबब घरचं तूप घरीच ठेवा. तिथलं बटर कढवा, अर्ध्या तासात तूप तयार, आणि वास असा सुटतो की शेजारी दारावर.

आणि दुबईमार्गे जात असाल तर खसखस अजिबात नको. अनारसे, खसखस लावलेल्या करंज्या काहीही नाही. तिथे खसखस अमली पदार्थांच्या नियमात येते. सिंगापूरलाही तेच. लोक हसतात पण विमानतळावर हसू येत नाही.

वडापाव_परदेशी
खसखशीला +१. माझी मावशी दिवाळीचा फराळ घेऊन दुबईला मुलाकडे निघाली होती, सुनेने आदल्या रात्री फोनवर सांगितलं म्हणून अनारसे पुण्यातच राहिले. आम्ही खाल्ले. मावशी अजून बोलत नाही.

कट्ट्यावरचा
हे असं आहे. दापोलीला जाताना अनारसे कुणी अडवत नाही.

खारीबिस्कीट
तुम्हाला दापोली पर्यटनाने नेमलंय का?

झुरिकवासी
कुकरवरून एक. इथल्या इमारतींत रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, रविवारी दिवसभर. एअरबीएनबीत राहणार असाल तर मुलांनी खोलीत उड्या मारणं, रात्री वॉशिंग मशीन लावणं यावरून खालचे लोक वर येतात, फार गोड बोलून येतात पण येतात. कुकरची शिट्टी संध्याकाळी आठच्या आत उरका. माझ्या काकांनी पहाटे पाचला शिट्टी केली होती (जेट लॅग), त्यानंतर मालकिणीने मला एक छापील नियमावली दिली.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम, आणि गावोगावी रस्त्यात कारंजी असतात त्यातून बाटली भरा. "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तिथलं मात्र नाही.

बाळगुटी
पेशाने मुलांची डॉक्टर, म्हणून थोडं. निघायच्या आदल्या आठवड्यात दोन्ही मुलांचं वजन करा आणि तापाचं औषध त्या वजनाला किती एमएल ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाटलीवर चिकटवा. मध्यरात्री परदेशात अंदाजपंचे द्यायची वेळ येऊ नये. औषधं मूळ पॅकमध्ये आणि प्रिस्क्रिप्शनसकट. ओआरएस, नाकाचे सलाइन ड्रॉप्स, उलटीचं औषध. विमान उतरताना आणि ती वेगवान केबिन वर-खाली जाताना मुलाला काहीतरी चघळायला किंवा घोट घोट पाणी द्या, कान दुखणं बरंच कमी होतं. तीव्र सर्दी असेल तर मोठी उंची त्या दिवशी टाळा.

युंगफ्राउबद्दल: चार वर्षांचं निरोगी मूल दीड-दोन तासांसाठी वर गेलं तर सहसा काही होत नाही. पण मूल मरगळलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं की लगेच खालची गाडी, "अजून फोटो राहिलेत" नाही. आजोबांना बीपी, हृदय, श्वासाचं काही असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ठणठणीत दिसतात यावर जाऊ नका. वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं पळायचं नाही, बसायचं, पाणी प्यायचं. गॉगल सगळ्यांना हवा, मुलांनासुद्धा.

अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर तिथे १४४. ११२ पण चालतो.

पासपोर्टवाली_ताई
व्हिसाचं कुणी बोललंच नाही. शेंगेन (स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आत शून्य. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेची गर्दी भयंकर असते, जानेवारीतच अपॉइंटमेंट बघा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, सगळ्यांचा, लहानग्याचाही.

मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, आपला दहाचा असतो म्हणून विसरायला होतं. शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. मुलीच्या शाळेचं पत्र आणि जन्मदाखला जोडा. आईबाबांपैकी एकच जाणार असेल तर दुसऱ्याची संमती नोटरी करून.

एक्सेलवाला
नमस्कार. मी या धाग्यावरचा आरोपी, म्हणजे सायलीचा नवरा. आजच आयडी काढला. सगळं वाचलं.

शीटमधून टिटलिस, शिल्टहॉर्न, जिनिव्हा उडवलं. ऱ्हाइन फॉल्स पिवळा केला. पण युंगफ्राउ राहणार आणि त्याचं कारण माझं ऑफिस नाही. ते कारण मी सायलीला पण नीट सांगितलं नव्हतं. बाबा रेल्वेत होते, परमनंट वे विभागात, रूळ आणि स्लीपर यातच अख्खी नोकरी गेली. ते तरुण असताना त्यांच्या साहेबांनी या रेल्वेचा फोटो दाखवला होता, आयगर डोंगराच्या पोटातून काढलेली गाडी. त्यांनी स्वतःहून कधी मागितलेलं नाही. पण व्हिसाचे कागद भरताना मला विचारलं, "ती आयगरवाली गाडी आपल्या वाटेवर आहे का?" एवढंच. त्यांना वरचा बर्फ बघायचा नाहीये, बोगदा बघायचाय.

सायली_ब
हे मला खरंच माहीत नव्हतं.

रूळप्रेमी
थांबा थांबा थांबा. परमनंट वेवाले आजोबा! हा धागा मी इतके दिवस उघडलाच नव्हता, नावात मुलं होती म्हणून.

आजोबांना सांगा, त्या लाइनचं काम १८९६ ला सुरू झालं आणि वरचं स्टेशन १९१२ ला उघडलं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो आडोल्फ गायर-त्सेलर १८९९ लाच गेला, त्याला पुरी झालेली बघायला मिळाली नाही. नऊ किलोमीटरच्या आसपास लाइन, त्यातली सात किलोमीटरहून जास्त बोगद्यात, तेही वर्षानुवर्षं माणसांनी डोंगर फोडून. सुरुवातीपासून विजेवर. मधे आइसमेअर नावाचं स्टेशन आहे, तिथे गाडी थांबते आणि खडकात काढलेल्या मोठ्या खिडकीतून ग्लेशियर दिसते, तिथे आजोबांना उतरवा. आणि दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी बघायला सांगा (गाडीचं दातेरी चाक तिच्यात अडकून चढ चढतं), ती श्ट्रुबची पद्धत.

पण एक सुचवू का? दातेरी रेल्वेच बघायची असेल तर रिगी सोडू नका. लुत्सर्नहून बोटीने फित्सनाउ, तिथून दातेरी गाडीने वर रिगी कुल्म, आणि दुसऱ्या बाजूने आर्थ-गोल्डाउला उतरायचं. फित्सनाउची लाइन १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरावरची दातेरी रेल्वे, तिथे रिगेनबाखची पट्टी आहे, शिडीसारखी दिसते. उंची १८०० मीटरच्या आत, त्यामुळे आजी, गुडघा, चार वर्षांचा मुलगा, सगळे येऊ शकतात. आणि बोट-गाडी सगळं पासात, वेगळा पैसा नाही. पिलाटसला जमलं तर तीही बघा, १८८९ ची, ४८ टक्के चढ, जगातली सगळ्यात तिरकी दातेरी रेल्वे, पण हंगामावर चालते, आधी तपासा.

आजोबांनी आपली निलगिरीची गाडी बघितली असेल तर त्यांना मजा येईल. मेट्टुपालयम-कुन्नूर टप्प्यातली दातेरी पट्टी आब्ट पद्धतीची, आब्ट स्विस, आणि तिथली जुनी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनलेली.

एक्सेलवाला
बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, "श्ट्रुब आणि आब्ट यात फरक काय ते विचार."

रूळप्रेमी
थोडक्यात: आब्टमध्ये दोन-तीन दातेरी पट्ट्या शेजारीशेजारी, दात मागेपुढे सरकवून बसवलेले, त्यामुळे एक तरी दात कायम पकडीत. श्ट्रुबमध्ये एकच रूळ, त्याच्या माथ्यावर दात कापलेले, सांभाळायला सोपा. त्यांना नंबर द्या माझा, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

सायली_ब
झालं, आता हे दोघं फोनवर. सध्याचा बेत सांगते, काय चुकतंय बघा. मुक्काम एकच, इंटरलाकेनजवळ, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट. युंगफ्राउला फक्त बाबा आणि नवरा, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी. त्याच दिवशी मी, आई आणि मुलं ब्रिएंझच्या बोटीत, आणि तिथून उतरल्यावर आईंना त्यांची दुपार, मी मुलांना मैदानावर नेईन. रिगी सगळ्यांनी मिळून. बर्न मंगळवारी, मंडई आणि अस्वलं. लाउटरब्रुनेनला धबधबे आहेत ते बघू. लुत्सर्नला ते वाहतूक म्युझियम, त्यात बाबा आणि मुलगा दोघंही रमतील. लेक म्हणते तिला चॉकलेट पाहिजे.

झुरिकवासी
बेत छान झालाय. दोन गोष्टी. लाउटरब्रुनेनला ट्रुमेलबाखच्या धबधब्यात, तो डोंगराच्या आत आहे, चार वर्षांच्या आतल्या मुलांना सोडत नाहीत. तुमच्या मुलाचा वाढदिवस कधी ते बघा, आणि आत पायऱ्या ओल्या असतात, आईंना तिथे नकोच. श्टाउबबाख बाहेरूनच दिसतो, जवळजवळ तीनशे मीटर उंच, गावातून बघितला की पुरे.

चॉकलेटसाठी झ्युरिकशेजारी किल्शबर्गला लिंट कंपनीचं म्युझियम आहे, आत नऊ मीटरहून उंच चॉकलेटचं कारंजं आणि चाखायला मनसोक्त. ऑनलाइन वेळ घेऊन जा, आयत्या वेळी मिळत नाही. परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर तेव्हाच करा. मात्र विमानाच्या आधी मुलांना किती चाखू द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाळगुटी
थोडंसंच. प्लीज.

कट्ट्यावरचा
इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे म्हणे, तो बघणार की नाही?

दगडफूल
आहे, कुरसालच्या बागेत. आमच्या आईने तिथे फोटो काढला, युंगफ्राउवर नाही काढला.

मीच_ती_आजी
सायली, बोटीत सासूबाईंना एकटीला बसव, पण उतरायचं गाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे आणि परतीच्या बोटीची वेळही. फोनमध्ये नको. फोनची बॅटरी संपते आणि चष्मा बॅगेत असतो.

सायली_ब
देते आजी. आणि त्यांच्या पर्समध्ये वीस फ्रँक रोख पण ठेवते, कॉफीला.

मीच_ती_आजी
तीस ठेव. केक पण खातील.

जपानी_भाचा
अवांतर: आमचं डिसेंबरात जपानचं चाललंय, मुलं सहा आणि दोन वर्षांची, आणि आई कट्टर शाकाहारी. तिथे मिसोच्या सूपात पण माशांचा स्टॉक असतो ना? कुणाचा अनुभव?

नि_खाद्यभ्रमंती
असतो. साध्या दिसणाऱ्या नूडल्समध्येही. नवीन धागा काढा, लिहिते सविस्तर, इथे हरवेल.

रूळप्रेमी
जपानचा धागा काढलात की मला टॅग करा. सामान मोठं असेल तर शिंकान्सेनमध्ये तीन बाजू मिळून १६० सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेला टोकाईदो मार्गावर आधी जागा राखून ठेवावी लागते, तिथून सुरुवात करू.